एकच पराभव

पुणे, रविवार

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ‘माझा पोरगा बॉक्सिंगमध्ये कसा चाललाय’ असं विचारलंस. त्याचं लिहितोच, पण आधी मला अमेरिकन हेवीवेट बॉक्सर रिडिक बोबद्दल लिहू दे. हल्ली रात्री जेवणं झाली की त्याच्या जुन्या लढती लावून बसतो, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्यातच दिसतंय.

आपल्या वेळी टायसनशिवाय दुसरं नाव कुणाच्या तोंडी नसायचं. रिडिकही त्याच वस्तीतला, ब्रुकलिनमधल्या ब्राउन्सव्हिलचा. तेरा भावंडांत बारावा. १९८८च्या सेऊल ऑलिंपिकला फायनलमध्ये लेनॉक्स लुइसकडून हरला, रौप्यपदक मिळालं. हा पोरगा आळशी आहे, याच्यात दम नाही, असं तेव्हाच बोललं जायचं. तरी एडी फच यांनी त्याला हाताशी धरलं. फच म्हणजे १९७५ साली मनिलाला अलीसमोर पंधराव्या राउंडला आपल्या बॉक्सरला, जो फ्रेझर याला, उठूच न देणारे कोच. पोरगा खरंच पळतो का, हे बघायला हे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ पहाटे रस्त्याकडेला लपून उभे राहिले होते. पोरगा पळत होता.

१३ नोव्हेंबर १९९२ची, तेव्हाचा जगज्जेता होलीफिल्डबरोबरची लढत तू पुन्हा बघच. निदान दहावा राउंड. साडेसहा फुटाला जेमतेम कमी असलेला माणूस लांबून जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारतो, ते ठीक; पण हा अंगाला अंग भिडल्यावरही खालून वर जाणारा आखूड अपरकट काढतो. एवढ्या उंच बॉक्सरला जवळून इतकं सुंदर लढताना मी दुसरा कुणी पाहिलेला नाही. राउंडच्या सुरुवातीला होलीफिल्ड संपलाच असं वाटतं आणि शेवटी तोच उलटून तुटून पडतो. अकराव्यात रिडिकनं त्याला खाली पाडलं आणि बारा राउंडनंतर जगज्जेतेपदाचे तिन्ही पट्टे जिंकले. वय पंचवीस. त्या रात्री त्याचं वजन २३५ पौंड होतं, म्हणजे साधारण १०७ किलो.

पुढच्याच महिन्यात लुइसशी लढायचं टाळून त्यानं त्यांतला डब्ल्यूबीसी या संघटनेचा पट्टा लंडनमध्ये पत्रकारांसमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला. मला ते दृश्य आजही बघवत नाही. वर्षभरानं होलीफिल्डसमोर पुन्हा उतरला तेव्हा वजन २४६ पौंड. त्या लढतीत एक माणूस पॅराशूटनं थेट रिंगच्या दोरांवर येऊन आदळला आणि लढत बराच वेळ थांबली. लोकांना तेवढंच आठवतं. मला आठवतो तो रिडिकचा मंदावलेला पाय. तो हरला. सगळ्या कारकिर्दीतला तेवढा एकच पराभव.

दत्ता, मला जे सांगायचंय ते इथेच आहे. त्र्याचाळीस विजय, एक पराभव, हे आकडे वाचून हा माणूस ढासळला असं कोण म्हणेल? पण तो ढासळला जिंकता जिंकता. १९९६मध्ये आंद्रे गोलोटाशी दोन लढती झाल्या. दोन्हीत गोलोटा गुणांवर पुढे होता आणि दोन्हीत कमरेखाली मारल्याबद्दल बाद झाला. कागदावर दोन्ही रिडिकच्या नावावर! दुसऱ्या लढतीत तो दोनदा खाली पडला. गोलोटाचा जॅब सरळ येऊन तोंडावर बसत होता आणि रिडिकचं डोकं जागचं हलत नव्हतं. त्यानंतरची त्याची मुलाखत ऐक. जीभ जड झालीय, शब्द एकमेकांत अडकतायत. वय एकोणतीस.

सगळे म्हणतात, खाण्यानं घात केला. मला ते अर्धंच पटतं. वजन वाढलं की आधी पाय जातात, पाय गेले की डोकं जागेवर राहतं आणि मग समोरच्याचा प्रत्येक ठोसा बसतो. जिंकत असलेल्याला हे कोण सांगणार? फचनीही शेवटी साथ सोडली. पुढचं लिहायला हात होत नाही. अमेरिकेच्या मरीन सैन्यात भरती झाला, काही दिवसांत परतला. मग बायकामुलांना पळवून नेल्याचा गुन्हा, तुरुंग, दिवाळखोरी. २०१५मध्ये बॉक्सिंगच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं, याचा मला मनापासून आनंद झाला.

आता तुझ्या पोराचं. हात जबरदस्त आहे, बॅगवर मारतो तेव्हा अख्खा हॉल वळून बघतो. तळजाई टेकडीवर रोज पळतो, हे मी स्वतः पाहिलंय. पण जॅब मारून झाला की डावा हात छातीपाशीच राहतो. शनिवारच्या स्पॅरिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, समोरचा वरून उजवा घालतो, तो ह्याला बसतो, आणि हा हसून ‘अजून मार’ म्हणून खुणावतो. पोरं शिट्ट्या मारतात. वजनी गटात तगडी पोरं कमी, त्यामुळे तरीही जिंकतोय आणि घरी तुला फक्त पदकं दिसतायत.

त्याच्या कोच सरांशी मी बोललोय. जोराचं स्पॅरिंग कमी करायला ते तयार आहेत, पण पोरगा ऐकत नाही. म्हणतो, बाबांना विचारा. तेव्हा फोनवर नको, तू ये. या शनिवारी साताऱ्याहून सकाळची एसटी पकडलीस तर दुपारच्या स्पॅरिंगला हॉलमध्ये पोचशील. त्याला कळवू नकोस. डोळ्यांनी बघ आणि मग काय ते तूच त्याला सांग. मुक्काम माझ्याकडेच.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
नंदू