तिकीट सामन्याचे होते, पिचरचे नव्हते, असे आपण म्हणालात

दिनांक : ७ ऑक्टोबर २०२४

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : १४ ऑगस्ट आणि २४ सप्टेंबर २०२४ या दोन बेसबॉल सामन्यांच्या तिकीट पॅकेजची रक्कम परत मिळण्याबाबत, तसेच आपल्या प्रतिनिधीच्या वागणुकीबाबत

महोदय,

गेल्या शुक्रवारी आपल्या ग्राहक सेवेशी माझे चौथे बोलणे झाले. त्या बोलण्यानंतर पाचव्यांदा फोन करण्याची माझी तयारी राहिलेली नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. आपल्याकडे माझ्या खात्याची सर्व नोंद आहेच, त्यामुळे ती येथे पुन्हा देत नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आपली ईमेल आली. तिच्यात शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाचे पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारे, गॅरेट क्रोशे आणि एरिक फेडी यांची छायाचित्रे शेजारी शेजारी छापली होती आणि या दोघांना माउंडवर (पिचर जिथून चेंडू टाकतो त्या उंचवट्यावर) पाहण्याची संधी सोडू नका, असा मजकूर खाली होता. हंगामाची सुरुवातच ३ विजय आणि २२ पराभव अशी झालेल्या संघात पाहण्यासारखे जे काही उरले होते ते हे दोघेच होते, आणि हे आपल्या कंपनीला पक्के ठाऊक होते, म्हणूनच आपण फलंदाजांची छायाचित्रे छापली नाहीत. त्या ईमेलवर विश्वास ठेवून मी महाराष्ट्र मंडळातील तीन कुटुंबांना आग्रह केला आणि दोन्ही सामन्यांची मिळून चौदा तिकिटे घेतली. त्यांतील दोन कुटुंबांनी आयुष्यात पहिल्यांदाच बेसबॉलचा सामना पाहिला. ते माझ्या शब्दावर आले होते आणि माझा शब्द आपल्या ईमेलवर उभा होता.

२९ जुलैला फेडीला सेंट लुईसच्या संघाकडे देण्यात आले. त्याच व्यवहारात बुलपेनचा, म्हणजे राखीव पिचरांच्या ताफ्याचा, शेवटचा आधार असलेला मायकेल कोपेक लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे गेला. खेळाडूंची देवाणघेवाण हा या खेळाचा भाग आहे आणि ती आपल्या हातात नाही, हे मला समजते. परंतु ५ ऑगस्टला, ज्या रात्री ओकलंडमध्ये संघाने सलग एकविसावा सामना गमावला, त्याच दिवशी सकाळी १४ तारखेच्या सामन्याची आठवण करून देणारी आपली ईमेल आली आणि तिच्यावर फेडीचाच फोटो होता. तो माणूस दुसऱ्या संघात जाऊन आठवडा झाला होता. ज्या मालाचा आपण धंदा करता, तो दुकानात आहे की नाही, एवढे पाहण्यासाठी आपल्या कंपनीला एक आठवडाही पुरला नाही का?

मी ही तक्रार सामना हरला म्हणून करत नाही, हे येथेच स्पष्ट करतो. हरणाऱ्या संघाच्या मागे मी वीस वर्षे उभा आहे. २००४ मध्ये मी मिरजेहून या शहरात आलो. शाळेत आणि नंतर गावच्या क्लबात मी क्रिकेटचे स्कोअरबुक लिहीत असे, म्हणून इथे आल्यावर कार्यालयातील एका सहकाऱ्याने मला बेसबॉलचे स्कोअरबुक दिले आणि पेन्सिलीने लिहायला शिकवले. पुढच्याच वर्षी, २००५ च्या ऑक्टोबरमध्ये, अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत मार्क बर्ली, जॉन गार्लंड, फ्रेडी गार्सिया आणि होजे कॉन्ट्रेरास या चौघांनी सलग चार सामने एकहाती पूर्ण केले. बुलपेनमधून एकदाही कोणाला उठावे लागले नाही. ती चारही पाने मी टीव्हीसमोर बसून लिहिली आणि आजही जपून ठेवली आहेत. पिचिंगच्या रकान्यात प्रत्येक पानावर एकच नाव आहे. त्यानंतर संघाने १९१७ नंतरची पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली. बेसबॉल मला पिचिंगमुळे कळला आणि पिचिंगमुळेच आवडला, म्हणून जेव्हा कोणी मला पिचर दाखवतो असे सांगून पैसे घेतो, तेव्हा ती माझ्या दृष्टीने किरकोळ बाब नसते.

या हंगामात पिचिंगचे काय झाले, हे आपल्यालाही माहीत आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वी, १३ मार्चला, आपला पिचर डिलन सीस याला सॅन दिएगोच्या संघाकडे पाठवले गेले. २५ जुलैला त्याने वॉशिंग्टनविरुद्ध एकही हिट (फलंदाजाला बेस मिळवून देणारा फटका) न देता सामना जिंकला, आणि त्या दिवशी आपला संघ त्या एकवीस पराभवांच्या मालिकेत रुतलेला होता. त्या रात्री मी दोन्ही बातम्या एकाखाली एक वाचल्या आणि फोन बाजूला ठेवून दिला. २८ मार्चच्या पहिल्या सामन्यात क्रोशेने सहा इनिंगमध्ये आठ जणांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केले, एकही वॉक (चार चुकीचे चेंडू, म्हणजे बॉल, पडल्यावर फलंदाजाला फुकट मिळणारा पहिला बेस) दिला नाही, फक्त एक धाव दिली, आणि संघ १-० ने हरला. त्या दिवशीच्या पानावर ओळीने स्ट्राइकआउटची खूण असलेला ‘के’ लिहिताना माझा हात सुखावला होता. मोठ्या लीगमधील त्याची ती स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर, म्हणून पहिलीच वेळ होती. दोन वर्षांपूर्वी ज्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया (फाटलेल्या अस्थिबंधाची) झाली, त्या मुलाने यंदा २०९ स्ट्राइकआउट केले. पुढे जुलैपासून त्याला चार इनिंगपलीकडे ठेवले नाही, कारण त्याच्या हातावर यापूर्वी कधीही एवढा भार पडला नव्हता. हा निर्णय मला पटतो. त्या हाताची काळजी घ्यायलाच हवी होती. माझा प्रश्न क्रोशेला नाही आणि त्याच्या प्रशिक्षकांनाही नाही. तो आपल्याला आहे. चार इनिंगनंतर तो बसणार, हे जुलैमध्ये ज्यांना दिसत होते, त्यांनी त्याचे छायाचित्र लावून संध्याकाळभराची तिकिटे का विकली?

आता १४ ऑगस्टबद्दल. समोर न्यूयॉर्कचे यांकीज होते. फेडी नव्हता. आठव्या इनिंगमध्ये आपल्या बाजूने चॅड कूल पिचिंग करत होता. व्हाइट सॉक्सच्या व्यवस्थापकांनी खूण करून यांकीजचा फलंदाज हुआन सोटो याला मुद्दाम वॉक दिला आणि आरोन जजला समोर घेतले. माझ्या शेजारी बसलेल्या मित्राने, ज्याला खेळाचे नियम मी वाटेतच गाडीत समजावले होते, मला विचारले, "अरे, एकाला घाबरून त्याच्याहून मोठ्याला कशाला बोलावताय?" मला उत्तर देता आले नाही. तीन बॉल आणि शून्य स्ट्राइक असताना पुढचा चेंडू आला आणि जजने तो भिंतीपलीकडे टाकला. त्याचा तो ३०० वा होम रन होता, अवघ्या ९५५ सामन्यांत, इतक्या लवकर तो टप्पा यापूर्वी कोणीही गाठला नव्हता. सामना १०-२ ने गेला. आमच्याच मैदानात अर्धी गर्दी उभी राहून पाहुण्यांसाठी टाळ्या वाजवत होती आणि मी पेन्सिल खिशात ठेवली. ते पान मी अजूनही पूर्ण केलेले नाही.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण म्हणजे शुक्रवारचा फोन. चौतीस मिनिटे थांबवल्यानंतर आपल्या प्रतिनिधींनी माझे म्हणणे ऐकले आणि म्हणाले, "सर, तिकीट सामन्याचे असते, पिचरचे नसते. सामना झाला, नऊ इनिंग झाल्या." मी म्हणालो, हे मला मान्य आहे, तिकिटाच्या मागे तसेच छापलेले असते, पण मग ईमेलवर छायाचित्र सामन्याचे का नव्हते, पिचरचे का होते? त्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आपण भारतातले ना? क्रिकेटमध्येही गोलंदाज बदलतातच की." मी शांतपणे सांगितले की क्रिकेटमध्येही बदलतात, मात्र आठवडाभर आधीच दुसऱ्या संघाला दिलेल्या गोलंदाजाच्या नावावर तिथे कोणी तिकिटे विकत नाही. यानंतर ते जे बोलले, ते मी फोन ठेवताक्षणी कागदावर उतरवून घेतले. ते म्हणाले, "खरं तर आपण नशीबवान आहात. त्या दिवशी आपल्याला जजचा तीनशेवा होम रन पाहायला मिळाला. त्यासाठी लोक जास्त पैसे देतील."

महोदय, हे वाक्य आपण कृपया स्वतः एकदा मोठ्याने वाचावे. मी पिचिंग पाहायला पैसे दिले होते. ज्या पिचरसाठी पैसे दिले तो तिथे नव्हता आणि जो होता त्याच्या चेंडूवर पाहुण्यांचा फलंदाज इतिहास घडवून गेला. त्याबद्दल मी आपले आभार मानावेत, असे आपल्या कंपनीला वाटते. एखाद्याने लग्नाच्या जेवणाचे पैसे घ्यावेत, पान वाढू नये, आणि वर म्हणावे की शेजारच्या मांडवातला वास तर आपल्याला फुकट मिळाला, असा हा प्रकार आहे. मी आवाज चढवला, हे कबूल करतो. मी म्हणालो की मला पर्यवेक्षकांशी बोलायचे आहे. पर्यवेक्षक उपलब्ध नाहीत, असे उत्तर मिळाले. आणि मग, बहुधा मला समजावण्याच्या हेतूने, त्यांनी सांगितले, "इंग्रजीत सांगणे अवघड जात असेल तर आपण आपल्या भाषेत लिहून पाठवा, आमच्याकडे भाषांतराची सोय आहे."

वीस वर्षे मी याच शहरात इंग्रजीतून नोकरी करत आहे. माझे म्हणणे इंग्रजीत त्यांना नीट समजले होते. त्यांच्याकडे फक्त उत्तर नव्हते. तरीही आपल्या कंपनीने दिलेला शब्द मी प्रमाण मानतो, म्हणून हे पत्र मराठीत आहे.

दुसरा सामना २४ सप्टेंबरचा. दोनच दिवसांपूर्वी सॅन दिएगोमध्ये संघाचा १२० वा पराभव झाला होता आणि १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा, एका हंगामातील सर्वाधिक पराभवांचा, आधुनिक काळातील विक्रम गाठला गेला होता. त्या सकाळी आपण पुन्हा ईमेल पाठवली. या वेळी तिच्यात एकाही पिचरचे छायाचित्र नव्हते. इतिहास घडताना प्रत्यक्ष पाहा, असे आवाहन होते. म्हणजे आधी आपण मला पिचर विकलेत, आणि पिचर संपल्यावर त्यांच्या नसण्यामुळे झालेला पराभवच विकायला काढलात. फेडीचा फोटो लावून पैसे घेणाऱ्या कंपनीनेच हे केले, म्हणून त्याचा मला दुप्पट राग आहे.

त्या संध्याकाळी माझा अकरा वर्षांचा मुलगा सोबत होता. सातव्या इनिंगपर्यंत आपण मागे होतो. आठव्या इनिंगमध्ये आपल्या संघाने तीन धावा करून आघाडी घेतली, तेव्हा आमच्या मागच्या रांगांतून हुर्यो उडवली गेली, कारण ते लोक १२१ वा पराभव पाहायला आले होते आणि तो हातचा जात होता. मुलाने माझी बाही ओढून विचारले, "बाबा, आपलेच लोक आपल्यालाच का चिडवतात?" संघ ३-२ ने जिंकला. त्या आठवड्यात पाहुण्यांविरुद्धचे तिन्ही सामने संघाने जिंकले आणि १२१ वा पराभव डेट्रॉइटमध्ये, घरापासून दूर झाला. संघातल्या मुलांनी निदान घरच्या मैदानावर ती वेळ येऊ दिली नाही, याचे मला फार अप्रूप वाटले. आपल्या ईमेलमध्ये मात्र त्या विजयाचा उल्लेखही आला नाही.

मंडळात आता त्या तीन कुटुंबांसमोर मला खाली मान घालावी लागते. कोणी काही बोलत नाही. एका वहिनींनी तर उलट मलाच धीर दिला की पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ. त्यामुळे अधिकच वाईट वाटते.

माझ्या मागण्या अशा आहेत. १४ ऑगस्टच्या सर्व तिकिटांची पूर्ण रक्कम परत करावी. २४ सप्टेंबरच्या तिकिटांचे पैसे मला नकोत, कारण तो सामना संघाने जिंकला आणि तो पाहिल्याचे मला समाधान आहे. त्या दिवशीच्या ईमेलबद्दल मात्र लेखी खुलासा हवा. माझ्या खात्यावर २०२५ च्या हंगामासाठी आपोआप नूतनीकरण लावलेले आहे, ते मी कधीही मागितले नव्हते. ते तत्काळ रद्द करून तसे कळवावे. शुक्रवारच्या फोनचे ध्वनिमुद्रण आपल्याकडे आहे, कारण सुरुवातीला तशी सूचना ऐकवली जाते. ते पर्यवेक्षकांनी ऐकावे आणि मला लेखी उत्तर द्यावे.

हे २१ ऑक्टोबरपर्यंत झाले नाही, तर मी कार्ड देणाऱ्या बँकेकडे या व्यवहाराविरुद्ध हरकत नोंदवीन आणि इलिनॉय राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे दोन्ही ईमेलच्या प्रतींसह तक्रार दाखल करीन. १२ जुलैच्या आणि ५ ऑगस्टच्या ईमेलवरील फेडीचा फोटो एकच आहे, हे कोणालाही दिसेल.

सोबत १४ ऑगस्टच्या स्कोअरबुकातील अर्धवट पानाची प्रत जोडली आहे. उत्तर मराठीत पाठवावे. भाषांतराची सोय आपल्याकडे आहे, असे मला सांगण्यात आले आहे.

आपला,
एक तिकीटधारक, शॉमबर्ग