चिमणीचं कारण टॉवर नाही, आणि गिधाडाचं कारण कोणी फॉरवर्ड करत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२० मार्चला जागतिक चिमणी दिन झाला आणि दरवर्षीसारखा यंदाही व्हॉट्सअपवर तोच मेसेज फिरला की मोबाईल टॉवरच्या रेडिएशनमुळे चिमण्या संपल्या, आणि वाईट याचं वाटलं की आपल्या पुरवणीतही हेच कारण अगदी खात्रीने छापून आलं. मी निवृत्त पशुधन पर्यवेक्षक आहे, नाशिक जिल्ह्यात गुरांच्या दवाखान्यात ३१ वर्षं काढली. पक्षीतज्ज्ञ नाही, पण या विषयातलं काही माझ्या स्वतःच्या हातून घडलंय म्हणून लिहितोय.

आधी चिमणी. २०२० मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवर मोठा अहवाल आला, देशभरातल्या साधारण १५,५०० पक्षीनिरीक्षकांच्या एक कोटीच्या वर नोंदी त्यात वापरल्या आहेत. त्यात म्हटलंय की देशभरात मिळून चिमणीची संख्या गेली २५ वर्षं जवळपास टिकून आहे. मुंबई, दिल्ली, बंगळुरूसारख्या मोठ्या शहरात मात्र ती खरंच कमी झालीये, म्हणजे लोकांना जे दिसतंय ते खोटं नाहीये, कारण चुकीचं सांगितलं जातंय. टॉवरमुळे हे होतंय असं दाखवणारा पुरावा जगात फारच थोडा आहे असं त्याच अहवालात आहे. आणि इंग्लंडमध्ये तर चिमण्या १९७० च्या दशकापासूनच कमी व्हायला लागल्या होत्या, तेव्हा मोबाईल होता कुठे?

चिमणी दाणे खाते हे आपल्याला माहितीये पण तिची पिल्लं दाण्यावर वाढत नाहीत, त्यांना पहिले काही दिवस अळ्या आणि किडेच लागतात. किडे नाहीत तर पिल्लू जगत नाही. आणि घरटं करायला फट लागते, पूर्वी वासे होते, कौलं होती, भिंतीवर तिरक्या लावलेल्या फोटोंच्या मागे जागा होती, आता सगळीकडे स्लॅब आणि स्लायडिंगच्या खिडक्या. आमच्या कॉलनीत लोकांनी शेजारच्या बिल्डिंगवरचा टॉवर हटवायला दीड वर्ष सह्या गोळा केल्या, अर्ज केले, शेवटी तो गेला. त्याच दीड वर्षात मेंदीचं कुंपण तोडून कंपाउंड वॉल घातली, मातीवर पेव्हर ब्लॉक बसवले आणि बागेत दर महिन्याला कीटकनाशक मारायचा ठराव झाला. टॉवर जाऊन चार वर्षं झाली, चिमणी आली नाही. त्या सह्यांमध्ये माझीही एक होती, आणि मेंदी तुटताना मी काही बोललो नाही याचं मला आज जास्त वाईट वाटतं.

आता गिधाडं. मी नोकरीला लागलो तेव्हा गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की तासाभरात गिधाडं उतरायची आणि संध्याकाळपर्यंत नुसती हाडं उरायची. नव्वदच्या दशकात गुरांसाठी डायक्लोफेनॅकचं, म्हणजे दुखणं आणि सूज कमी करणारं, इंजेक्शन आलं. स्वस्त होतं आणि गुण लगेच दिसायचा, बैल लंगडतोय, गाईला दगडी (कासेची सूज) झालीये, टोचलं की संध्याकाळी जनावर चाऱ्याला तोंड लावायचं, शेतकरी हात जोडायचा. मी किती टोचली असतील त्याचा हिशोब नाही. पण उपचार करूनही काही जनावरं मरायचीच, त्यांच्या मांसात औषध राहायचं आणि ते खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड बंद पडायचं, युरिक अॅसिड साचून आतले अवयव खडूसारखे पांढरे व्हायचे. शंभरात एकाहूनही कमी मढ्यांत हे औषध असलं तरी सगळी जात खलास व्हायला पुरतं, कारण एका मढ्यावर थवाच्या थवा बसतो आणि गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारातून एक उरली. हजारातून एक! चिमणीबद्दल असा आकडा कुठेच नाही, पण चिमणीचे मेसेज मला शेकड्याने आलेत आणि गिधाडाचा एकही आला नाही.

तेव्हा तज्ज्ञांनाही आधी वाटलं होतं की एखादी साथ असेल. पण ते तिथे थांबले नाहीत, मेलेली गिधाडं उघडून तपासली, मूत्रपिंडात औषध सापडलं, २००४ मध्ये पाकिस्तानातल्या संशोधनातून ते जाहीर झालं आणि २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. नंतर माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जाताहेत हे दिसल्यावर २०१५ मध्ये त्याही बंद करून ३ मिलीचा एकच डोस ठेवला. खरं कारण हाताला लागलं म्हणून हे सगळं करता आलं, साथ साथ म्हणत बसलो असतो तर आज एकही पक्षी उरला नसता.

पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतो हा मेसेजही असाच फिरतो, ऑक्सिजन तयार करायला झाडाला उजेड लागतो हे सातवीच्या मुलालाही माहितीये. पण त्याने निदान लोक पिंपळ लावतात, नुकसान होत नाही. टॉवरच्या मेसेजने मात्र होतं, कारण माणसाची ताकद आणि वेळ भलत्याच ठिकाणी खर्च होतो.

म्हणून एक विनंती आहे. गिधाड जागृती दिन सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी असतो. त्या आठवड्यात शेतीच्या पानावर एवढंच ठळक छापा की डायक्लोफेनॅक गुरांना चालत नाही, अॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन या तशाच दुखण्यावरच्या औषधांवरही २०२३ पासून बंदी आहे, आणि यांच्याऐवजी डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम मागा, ते गिधाडांना सुरक्षित आहे. पशुपालक ते पान कापून गोठ्यात लावतात, मी बघितलंय.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, जि. नाशिक