सुट्टीत दहा ॲप नकोत, एक धडा पुरे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मे उजाडला की शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर प्रशिक्षणाच्या लिंकांची रांग लागते. व्हिडिओ पुढे ढकलायचा, पाच प्रश्न सोडवायचे, प्रमाणपत्र गटात टाकायचे. जूनमध्ये वर्गातल्या पडद्यावर ‘नो सिग्नल’ दिसते आणि तास पुन्हा खडू-फळ्यावर येतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे, पण ते स्वतःच्या आवडीनुसार. हे दुसरे अर्धे वाक्य आपण सगळेच विसरतो.

जनगणना, मतदार यादी, गावचे लग्नकार्य यांतून उरलेल्या सुट्टीत रोज अर्धा तास, आठवड्यातून चार दिवस, असे सहा आठवडे धरले तरी १२ तास होतात. त्यात दहा ॲप शिकू नयेत. जूनमध्ये शिकवायचा एक धडा निवडावा आणि त्याला लागेल तेवढेच साधन पक्के करावे.

नववीचे ‘धाराविद्युत’ घ्या. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पात परिपथ जोडण्याचे सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून बघायचा प्रयोग, फुकट मिळते. ९ व्होल्टची बॅटरी, १० ओहमचा रोध आणि विद्युतधारा मोजणारा अमीटर जोडला की ०.९ अँपिअर दिसते. रोध २० केला की ०.४५. ओहमचा नियम मुलांना डोळ्यांदेखत पटतो. हे सिम्युलेशन एकाच एचटीएमएल फाइलमध्ये उतरवून घेता येते, मग नेट लागत नाही. कोकणात गावी जाणाऱ्यांनी ते ठाण्यातच उतरवून घ्यावे, तिकडे रेंजची खात्री नसते. फाइल पेनड्राइव्हवर ठेवावी आणि शाळेच्याच संगणकावर एकदा उघडून बघावी. घरच्या लॅपटॉपवर चालले म्हणजे शाळेतल्या जुन्या ब्राउझरवर चालेलच असे नाही.

वायरींचेही तसेच. जुन्या प्रोजेक्टरला व्हीजीए, नव्या लॅपटॉपला एचडीएमआय. मध्ये कन्व्हर्टर लागतो. व्हीजीएतून आवाज जात नाही, म्हणून ऑडिओ जॅक असलेलाच कन्व्हर्टर घ्यावा, नाहीतर व्हिडिओ मुका. चित्र आले नाही तर विंडोजचे बटण आणि ‘पी’ एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडावे. मग शेवटच्या बाकावर जाऊन अक्षरे वाचता येतात का, ते स्वतः बघावे.

चाचणीसाठी गुगल फॉर्म बहुतेकांना माहीत आहे, पण मराठी माध्यमात तो एका ठिकाणी हमखास अडकतो. लघुत्तरी प्रश्नाच्या उत्तरसूचीत ‘१२’ देवनागरी आकड्यांत लिहिले आणि मुलाने इंग्रजी आकड्यांत टाइप केले, तर फॉर्म ते चूक धरतो, कारण यंत्राच्या लेखी ती वेगळी चिन्हे आहेत. दोन्ही रूपे सूचीत घालावीत. शब्दांचे ऱ्हस्व-दीर्घ पर्यायही घालावेत. दुसरे म्हणजे ‘एकदाच उत्तर’ ही सेटिंग बंद ठेवावी. ती चालू असली की गुगल खात्याने आत शिरावे लागते, आणि एका वर्गातली दोन मुले आईच्या एकाच फोनवरून चाचणी देत असतील तर दुसऱ्याला दार बंद होते. त्याऐवजी हजेरी क्रमांकाचा रकाना सक्तीचा करावा.

या सगळ्याच्या मुळाशी टायपिंग आहे. जुन्या फॉन्टमधल्या प्रश्नपत्रिका फॉर्ममध्ये चिकटवल्या की अगम्य अक्षरे उमटतात, कारण त्या फॉन्टनी इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर देवनागरी आकार बसवले होते. प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या युनिकोडला पर्याय नाही. युनिकोडमध्ये मराठी टाइप करण्याचा इनस्क्रिप्ट कळफलक रोज २० मिनिटे गिरवला तर महिन्याभरात हात बसतो. ‘ळ’ शिफ्ट आणि ‘एन’वर आहे. ‘तऱ्हा’मधल्या ‘ऱ्ह’साठी शिफ्ट आणि ‘जे’, मग हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह), मग ‘ह’. ज्यांना प्रेझेंटेशन किंवा जिओजेब्रा हे गणिताचे सॉफ्टवेअर शिकायचे आहे त्यांच्यासाठी पवईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहे, साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ आणि अर्ध्यावर सॉफ्टवेअर ठेवून, थांबवत थांबवत स्वतः करून पाहिले तरच ते अंगात मुरते.

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून सरावप्रश्न काढून घ्यायला हरकत नाही. पण तिच्या मराठीत हिंदी शब्द शिरतात: ‘रोध’ऐवजी ‘प्रतिरोध’, ‘एकसर जोडणी’ऐवजी ‘श्रेणी जोडणी’. पाठ्यपुस्तक शेजारी उघडे ठेवून प्रत्येक ओळ तपासावी. मुलांची नावे, गुण, आधार क्रमांक त्यात कधीही टाकू नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते.

शिक्षकाने घरी हे सगळे केले तरी शाळेचा संगणक कक्ष सुट्टीभर कुलपात असेल तर उपयोग काय? ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या शिक्षण विभागांना, तसेच खासगी संस्थांना विनंती आहे की जूनच्या पहिल्या पंधरवड्यात चार सकाळी, दोन-दोन तास, हा कक्ष शिक्षकांसाठी उघडा ठेवावा. व्याख्याता नको, बॅनर नको, चहापानाचीही गरज नाही. एका संगणकावर दोघे बसतील, एकमेकांचा धडा चालवून बघतील. त्याच वेळी प्रोजेक्टरची जाळी पुसून घ्यावी, यूपीएसची बॅटरी किती मिनिटे टिकते ते मोजावे, आणि कोणत्या संगणकांवर अजून विंडोज १० आहे याची यादी करावी. त्या प्रणालीचा सर्वसाधारण आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणारे नेहमीचे सुरक्षा-अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. बंद पडलेली यंत्रे तेव्हाच कळली तर मुले येण्याआधी दुरुस्तीला आठवडा तरी मिळेल.

आपला,
एक शिक्षक, कळवा (जि. ठाणे)