विषय: मुलाखतीस हजर असलेल्या उमेदवाराची ‘नो शो’ अशी नोंद आणि पॅनेलच्या वर्तनाबाबत तक्रार

प्रति,
मनुष्यबळ विभागप्रमुख

महोदय,

आपल्या भरती कक्षाशी आज दुपारी झालेल्या संभाषणानंतर हे पत्र लिहीत आहे. पलीकडच्या तरुणाने अत्यंत शांतपणे सांगितले की सिस्टीममध्ये माझ्या नावापुढे ‘नो शो’ अशी नोंद आहे, म्हणजे मी मुलाखतीला आलेच नव्हते, आणि त्यामुळे पुढील सहा महिने मला आपल्याकडे अर्ज करता येणार नाही. माझे छायाचित्र आणि प्रवेशाची वेळ छापलेला आपलाच व्हिजिटर पास माझ्याकडे आहे, असे मी सांगितले. त्यावर उत्तर आले, “मॅडम, पास सिक्युरिटीचा असतो, आम्हाला तो दिसत नाही.”

ही भरती नोकरीत खंड पडलेल्या अनुभवी महिलांसाठी होती. किमान एक वर्षाचा खंड ही जाहिरातीतील पात्रतेची अट होती, सवलत नव्हे. आपण घातलेली अट आपल्या पॅनेलला ठाऊक असेल, असे मी गृहीत धरले.

हिंजवडीच्या फेज दोनमधील कार्यालयात लॅपटॉप घेऊन यावे, असे मेलमध्ये लिहिले होते आणि गेटवर तोच लॅपटॉप परवानगी नाही म्हणून अडवण्यात आला. सकाळी साडेदहाची मुलाखत दुपारी अडीचला सुरू झाली. या काळात मला चहा-पाणी विचारणारी एकच व्यक्ती भेटली, ती म्हणजे गेटवरचा सुरक्षारक्षक, आणि माझ्या समजुतीप्रमाणे तो आपला कर्मचारी नसून कंत्राटदाराचा आहे.

उशिराबद्दल मी हे पत्र लिहिले नसते. पॅनेलवर दोघे जण होते. त्यांपैकी वयाने मोठे असलेल्या गृहस्थांनी माझा बायोडेटा माझ्यासमोरच पहिल्यांदा उघडला, तोही शेवटच्या पानापासून, आणि विचारले, “ही मधली तीन वर्षं घरी काय केलंत?” मी सांगितले की मुलगा लहान होता, त्यातच सासूबाईंचे आजारपण निघाले, आणि याच काळात सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या सेलेनियम या साधनावरून प्लेराइट या साधनावर येऊन मी दोन छोट्या कंपन्यांची ऑटोमेशनची कामे घरून पूर्ण केली, ती कामे बायोडेटात दुसऱ्या पानावर आहेत. दुसरे पान उघडण्याचे कष्ट न घेता त्यांनी पेन बंद केले, ते टेबलावर आडवे ठेवले, खुर्ची थोडी मागे सरकवली आणि म्हणाले, “मिस्टरांचं चांगलं चाललंय ना? मग एवढी धावपळ कशाला?” त्यांचे सहकारी मोबाइलमध्ये पाहत होते. ते मान वर न करता हसले. मिस्टरांच्या नोकरीचा या पदाशी संबंध काय, असे मी विचारले, तेव्हा ते मोठे गृहस्थ म्हणाले, “तसं नाही हो, मुलगा आजारी पडला की रजा कोण टाकणार, एवढंच विचारतोय.” एपीआय टेस्टिंगवर, फ्रेमवर्कवर, मी आधी सांभाळलेल्या बँकिंग प्रकल्पावर एकही प्रश्न आला नाही. माझी परीक्षा बहुधा गृहव्यवस्थापन या विषयात चालू होती आणि तिची पूर्वकल्पना मेलमध्ये दिलेली नव्हती.

त्यानंतर आपल्या विभागाच्या प्रतिनिधी आल्या. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, “दुसऱ्याचा विचार आहे का?” भरतीत स्त्री म्हणून भेदभाव करण्यास १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली आणि २०१९ च्या वेतन संहितेने ती कायम ठेवली, हे आपल्या विभागाला मी सांगण्याची गरज नसावी. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली. मुलगा आजारी पडल्यावर काय, याची चिंता करणाऱ्या गृहस्थांना आपल्या इमारतीतील पाळणाघर कोणत्या मजल्यावर आहे, हे मी विचारले. त्यांना ठाऊक नव्हते.

आमच्या कॉलेजात आपली कंपनी पहिल्याच दिवशी येई आणि तिथे निवड झालेल्यांकडे आम्ही आदराने पाहत असू. तो आदर आता संपला आहे. नकार मी पचवला असता. नकार पचवण्याची सवय नोकरी शोधणाऱ्याला लागतेच. पण चार तास ताटकळत ठेवून, संसाराची चौकशी करून, वर मी आलेच नव्हते असे लिहून ठेवणे हा नकार नव्हे, ही खोटी नोंद आहे. मी आले होते.

‘नो शो’ ही नोंद रद्द करून सहा महिन्यांची बंदी उठवावी आणि पॅनेलने माझ्याविषयी लिहिलेला अभिप्राय, काही लिहिला असल्यास, मला लेखी कळवावा. नोकरी मागणारा ग्राहक ठरत नाही, त्यामुळे ग्राहक आयोगाचे दार मला बंद आहे, याची मला कल्पना आहे; कामगार आयुक्तांचे कार्यालय आणि राज्य महिला आयोग यांचे दार उघडे आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास या पत्राची प्रत दोन्हीकडे जाईल आणि त्या जाहिरातीखालीही मी माझा अनुभव नावानिशी लिहीन.

आपली,
अर्जदार
(नाव व अर्ज क्रमांक स्वतंत्र पानावर)

सोबत: व्हिजिटर पासची छायाप्रत, निमंत्रणाचा मेल, भरतीच्या जाहिरातीची प्रत