सेवण गवताचे संशोधन बियाण्यापाशी अडले आहे

महोदय,

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे चराऊ कुरणे आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. त्या निमित्ताने थरच्या वाळवंटातील सेवण या गवताकडे आपल्या वाचकांचे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पशुवैद्यक म्हणून माझी नोकरीची बरीच वर्षे जैसलमेर आणि बिकानेर जिल्ह्यांत गेली. तेथील थारपारकर आणि राठी गाईंचे दूध कशावर टिकून आहे, हे मी जवळून पाहिले आहे.

सेवण हे बहुवर्षायू गवत आहे. वर्षाला २५० मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस पडणाऱ्या वालुकामय जमिनीत ते वाढते आणि एकदा नीट रुजलेले ठोंब वीस वर्षांपर्यंत टिकू शकते. मका, ज्वारी आणि ऊस यांच्याप्रमाणे त्याचेही प्रकाशसंश्लेषण सी-४ पद्धतीने होत असल्यामुळे कडक उन्हात ते थोड्या पाण्यावर पुष्कळ पाला तयार करते. पाऊस हुलकावणी देतो तेव्हा वरचा भाग वाळून काड्या होतात, पण बुडाशी असलेला लाकडासारखा टणक गड्डा जिवंत राहतो, आणि उडत येणारी वाळू त्याच्याभोवती साचून लहानसा उंचवटा तयार होतो. मी तेथे नवा असताना अशी करडी, मेल्यासारखी दिसणारी ठोंबे पाहून हे कुरण संपले असे म्हणालो होतो. सोबतच्या वृद्ध पशुपालकाने मला पाऊस होईपर्यंत थांबायला सांगितले. पाऊस झाला आणि आठवडा उलटायच्या आत त्याच ठोंबांना हिरवे फुटवे आले होते. याचे शास्त्रीय नाव लॅसियुरस सिंडिकस. त्यातील पहिल्या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ केसाळ शेपूट असा आहे, आणि त्याच्या चंदेरी, लवदार तुऱ्यांनी भरलेले माळ ज्याने पाहिले आहेत त्याला तो अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

यावर संशोधन झालेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. जोधपूरला १९५२ मध्ये वाळवंटातील वनीकरणासाठी जे केंद्र सुरू झाले, तेच १९५९ मध्ये केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था, म्हणजे काझरी, झाले. तेथील शास्त्रज्ञांनी सेवण, अंजन आणि धामण या गवतांचे वाण निवडले, ओळींतील अंतर आणि कापणीची वेळ ठरवली, बोर आणि खेजडी यांच्या सोबतीने कुरण कसे लावावे याचे प्रयोग केले. हे काम मोलाचे आहे. तरीही एखाद्या पशुपालकाने आपल्या गावच्या गायरानात सेवण लावायचे ठरवले, तर त्याच्यापुढे पहिलाच प्रश्न उभा राहतो तो बियाणे कोठून आणायचे हा.

अडचण गवताच्या स्वभावातच आहे. तुरे एकाच वेळी पिकत नाहीत, पिकलेले बी लगेच झडते, आणि गोळा केलेल्या बोंडांपैकी बरीच आतून रिकामी असतात. बी इतके हलके आणि केसाळ असते की ते पेरणी यंत्रातून नीट सुटत नाही आणि हाताने फेकले तर वाऱ्यावर जाते. सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरपेक्षा खोल गेले तर कोंब वर येत नाही, आणि वर राहिले तर वाळूत सुकते. यावर उपाय म्हणून बी ओलसर वाळूत मिसळून पेरतात किंवा शेण, माती आणि वाळू यांत मळून त्याच्या गोळ्या करतात, शिवाय पावसाळ्यात ठोंबे फोडूनही लावता येतात. पण गोळीच्या आत दाणाच नसेल तर गोळी काय करणार? एका योजनेतून आलेल्या बियाण्याची पोती मी स्वतः उघडून पाहिली होती. त्यांत निम्म्याहून अधिक फोलपटे होती, आणि ज्यांनी ती पेरली त्यांनी पुढच्या वर्षी कुरणाचे नाव काढले नाही. पावसाची एक संधी गेली की वाळवंटातला माणूस पुन्हा सहजासहजी विश्वास ठेवत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

दुसरीकडे, शेकडो वर्षांची उभी कुरणे नाहीशी होत आहेत. इंदिरा गांधी कालव्याच्या लाभक्षेत्रात मोहरी, गहू आणि भुईमूग आले, आणि कोरडवाहू भागातही ट्रॅक्टरच्या तव्यांच्या नांगराने सेवणचे गड्डे मुळासकट उपटले. अतिचराई झाली की सेवणच्या जागी लांपडा आणि भुरट यांसारखी हलकी वर्षायू गवते येतात, ज्यांच्यावर दुष्काळात जनावर तगत नाही. सरकारी नोंदींत यांतील बऱ्याच जमिनीला पडीक म्हटले जाते, आणि पडीक म्हटले की त्यावर सौर प्रकल्प किंवा झाडांची लागवड करायला कोणाला काही वाटत नाही. माळढोक पक्ष्याचे शेवटचे मोठे आश्रयस्थान असलेल्या जैसलमेरबाबत ही गोष्ट अधिकच गंभीर आहे.

सेवण महाराष्ट्रात आणून लावा, असे मी म्हणत नाही. आपल्या काळ्या, चिकण जमिनीत ते रमणार नाही, आणि आपल्याकडे पवन्या आणि मारवेल ही आपली गवते आहेत. परंतु सोलापूर किंवा माण-आटपाडीच्या माळांवर काम करणाऱ्यांनाही बियाण्याची हीच अडचण येते. गवताच्या बियाण्याला ना खात्रीचा भाव आहे, ना खरेदीची व्यवस्था.

म्हणून माझी विनंती संशोधनाला निधी देणाऱ्यांना आहे. वीस वर्षे जगणाऱ्या गवताची परीक्षा तीन वर्षांच्या प्रकल्पात होत नाही. निवडलेल्या कुरणांचे मोजमाप किमान दहा-पंधरा वर्षे अखंड चालले पाहिजे, म्हणजे एखादा दुष्काळ आणि एखादे चांगले वर्ष दोन्ही त्यात येतील. शिल्लक असलेली जुनी कुरणे बीजक्षेत्र म्हणून राखावीत. तेथे हाताने बी गोळा करणाऱ्या गावकऱ्यांना भरलेल्या दाण्याच्या प्रमाणावर भाव द्यावा आणि तो तुरे पिकण्यापूर्वी जाहीर करावा. प्रत्येक पोत्यावर उगवणीची टक्केवारी लिहिलेली असावी, आणि ते पोते जुलैच्या पहिल्या पावसाआधी गावात पोहोचावे.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक, पुणे