टेप डब्यात घातली आहे

चि. गौरी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी निवड चाचणीवरून भांडण झालं आणि एसटीत बसल्यावर तू खिडकीतून बघितलं नाहीस. गाडी हलली तेव्हा मी हात केला होता. घरी आलो तर तुझी नी-कॅप दोरीवरच राहिलेली. आईने ती घडी करून फडताळात ठेवली, मग काढली आणि पुन्हा दोरीवर टाकली.

गुडघ्याविषयी लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. आधी इकडचं सांगतो. पाऊस चांगला आहे, मळ्यातलं सोयाबीन गुडघाभर... बघ, पुन्हा तोच शब्द आला. मैदानात चिखल झालाय, म्हणून पोरी शाळेच्या व्हरांड्यात व्यायाम करतात. तू सुरुवात केलीस तेव्हा तिघीच होता, आता अकरा येतात. १५ जुलैला कबड्डी दिन आहे. कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या फोटोशेजारी तुझाही फोटो लावू का म्हणून पोरांनी विचारलं, मी हो म्हणालो. तुला विचारायला हवं होतं.

ऑपरेशनला १६ तारखेला सहा महिने होतील. डॉक्टरांनी नऊ सांगितलेत. नवीन लिगामेंट, म्हणजे गुडघ्याची हाडं बांधून ठेवणारा तो पट्टा, शिवलेलं कापड नाही गं, ते हाडात रुजावं लागतं. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका कितीतरी जास्त असतो, हे त्यांनी तुझ्यासमोर दोनदा सांगितलं. एका पायावर उडी मारून बघायची, दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के भरली पाहिजे. तू ती चाचणी दिलीस का? फोनवर विचारलं तर म्हणालीस, "अण्णा, मला वाटतंय ना, बरंय." वाटण्यावर कसं चालेल?

हे लिहून झाल्यावर वाचलं. पुन्हा रविवारचंच भांडण झालं. राग मानू नकोस.

तुझी घाई मला कळते. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण, पण प्रमाणपत्र हातात हवं. निवड चाचणी चुकली की स्पर्धा चुकते, स्पर्धा चुकली की वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं की घरात कोण काय बोलेल तेही तुला माहीत आहे. आत्याचं मी बघून घेईन.

मला झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीने. दसऱ्याच्या त्या मॅचमध्ये तू चढाईत बोनस गुण घेऊन मध्यरेषेकडे वळलीस, कुणी हात लावला नव्हता, पाय मातीत रुतला आणि नुसती वळलीस. 'टक्क' आवाज आला म्हणून तू नंतर सांगितलंस. पण तू पडलीस तेव्हा कडेला उभा राहून "ऊठ, ऊठ, काही झालं नाही" असं ओरडणारा मीच होतो. तू उठलीस आणि दोन चढाया केल्यास. बारा बाय आठच्या त्या मैदानाभोवती चारशे माणसं होती, पंचांना चहा होता, ढाल होती, हारतुरे होते, पण पायाला लावायला बर्फ नव्हता. बापू रसवंतीवर पळाला आणि टॉवेलात बर्फ बांधून आणला. संध्याकाळपर्यंत गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. मी तुला हाडवैद्याकडे नेलं. तेल लावून त्याने रगडलं तेव्हा तू माझं मनगट धरलं होतंस. डिसेंबरात तू पुन्हा उतरलीस, गुडघा निसटला आणि आतली गादीही फाटली. एमआरआय दसऱ्यालाच काढला असता तर गादी वाचली असती का, हे डॉक्टरांना विचारायचं धाडस मला अजून झालं नाही.

कुणाला दोष देऊ? मंडळाकडे वर्गणीतून चेंडू-जाळ्याइतकेच पैसे उरतात. नोंदणीचा फॉर्म भरताना उपचाराचं कोण बघणार हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. पोरींना कपडे बदलायला खोली नाही म्हणून तू घरूनच ट्रॅक घालून जायचीस. हे सगळं मला दिसत होतं आणि मी नुसत्या टाळ्या वाजवत होतो. आता मंडळात सांगितलंय, पुढच्या स्पर्धेला एक ढाल कमी करा, पण बर्फाची पेटी आणि गाडी मैदानावर उभी पाहिजे. बापूने होकार दिलाय.

२०२३ ला हँगझोऊच्या एशियाडमधली आपल्या मुलींची कबड्डीची फायनल तू मोबाईल तांब्याला टेकवून बघितलीस. २६-२५ झालं तेव्हा अशी ओरडलीस की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. "एका गुणाने, अण्णा!" त्या दिवशी मी कारखान्यात सगळ्या पाळीला सांगितलं की माझी पोर चढाई करते. आजही सांगतो. तू खेळू नयेस असं मी कधीच म्हणणार नाही. ऑक्टोबरात खेळ, एवढंच.

पुन्हा तेच लिहिलं.

निवड चाचणीच्या दिवशी मी येतोय. तू उतरलीस तरी येणार, कडेला बसलीस तरी येणार. या वेळी ओरडणार नाही. बापूच्या हाती डबा पाठवतोय. त्यात डिंकाचे लाडू, नी-कॅप आणि आईची शिलाईची टेप आहे. आई दर शनिवारी मोजायची तशीच मोज, वाटीच्या वर चार बोटं, दोन्ही मांड्या. गेल्या वेळी दुखरी डावी पावणेदोन सेंटीमीटर कमी होती. आकडा खरा सांग.

तुझे
अण्णा