पंचमुखी गणेशाच्या सावलीत

महोदय,

मॉरिशसला जाणारी आपली मंडळी समुद्रकिनारे पाहून परततात. ईशान्य किनाऱ्यावरील पॉइंट दे लास्कारचे ‘स्पिरिच्युअल पार्क’ मात्र बहुतेकांचे राहूनच जाते. हवाई बेटांवरील शैव मठाने उभारलेल्या या उद्यानात पंचमुखी गणेश, दक्षिणामूर्ती (गुरुरूपातील शिव) आणि मुरुगन (कार्तिकेय) यांचे वेगवेगळे मंडप आहेत. फोटोंच्या घाईत मीही पहिली दहा मिनिटे वाया घालवली. मग गणेशमंडपात टेकलो, तेव्हा पायाखालच्या फरशीचा गारवा आणि पानांची सळसळ एवढेच काय ते जाणवत राहिले. ज्या देशात गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि मराठी वंशाची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या गणपती बसवतात, तेथील हे शांत स्थळ सहल कंपन्यांनी अर्ध्या दिवसासाठी तरी कार्यक्रमात घ्यावे, ध्वनिक्षेपक मात्र बसमध्येच ठेवावा.

— एक वाचक, ठाणे